बंद गाळ्यांची पेठ पुन्हा उघडायची तर

जळगाव-नंदुरबारकडून रेल्वेने सुरतेला येताना बारडोली आणि गंगाधरा मागे पडलं की चलथाण लागतं. पुढे नियोल, मग उधना. जुन्या ताप्ती व्हॅली रेल्वेवरचं हे स्टेशन. गावालगत मुंबई-अहमदाबाद हमरस्ता, शेजारी कडोदऱ्याची चौफुली, गावचा सहकारी साखर कारखाना आणि आजूबाजूला पलसाणा-कडोदरा पट्ट्यातल्या डाइंग-प्रिंटिंगच्या मिला. खानदेशातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबं या पट्ट्यात स्थिरावली आहेत. म्हणजे माणसांची वानवा नाही, आणि महिन्याच्या दहा तारखेनंतर खिशात थोडेफार पैसेही असतात.

तरीही हमरस्त्याकाठच्या गावांत एक गोष्ट हमखास घडते. धंदा रस्त्याकडे सरकतो. बापाचं दुकान जुन्या बाजारात असतं, मुलगा चौफुलीवर नवा गाळा घेतो. जुन्या दुकानात आधी माल ठेवला जातो, मग रिकामे खोके, मग नुसतं कुलूप उरतं. रांगेतल्या वीस गाळ्यांपैकी पाच-सहा शटरं कायमची खाली आली की उरलेल्यांच्या गिऱ्हाइकीलाही उतरती कळा लागते. संध्याकाळी अंधाऱ्या रांगेतून बायका जात नाहीत, आणि गेल्या तरी थांबत नाहीत.

अशा जुन्या दुकानांचं काय करता येईल, ते इथे सांगतो. चलथाण डोळ्यांसमोर आहे, पण शहादा, अमळनेर किंवा व्यारा इथल्या वाचकालाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

मालक गाळा का देत नाही

बाजार मेला म्हणून गाळे बंद पडले, असं आपण धरून चालतो. बऱ्याचदा गाळे बंद राहतात म्हणून बाजार मरतो. आणि गाळा बंद राहतो तो मालकाच्या भीतीपोटी. मुंबई इलाख्यात १९४७ साली आलेल्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडेकरूला मोठं संरक्षण दिलं. त्या काळी ते गरजेचंही होतं. पण त्यातून पागडी आली, पिढ्यान् पिढ्या न बदलणारी भाडी आली, दिवाणी कोर्टातले न संपणारे दावे आले. प्रत्येक गावात अशा एखाद्या दाव्याची गोष्ट सांगणारा असतोच. ती ऐकलेला मालक सरळ हिशेब करतो: किरकोळ भाड्यासाठी गाळा अडकवून घेण्यापेक्षा कुलूप परवडलं. त्यात चार भावांची नावं उताऱ्यावर असतील तर कुलपाला चार किल्ल्या आणि निर्णयाला एकही नाही.

त्यामुळे ‘बाजार सुधारूया’ अशी सभा भरवून, रंगरंगोटीचे नकाशे दाखवून काही होत नाही. या भीतीवर आधी उतारा हवा.

हा उतारा ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल शहरात सापडला होता. कोळसा आणि पोलादावर जगलेलं गाव. १९८९ साली भूकंप झाला, १९९९ मध्ये बीएचपी कंपनीचा पोलाद कारखाना बंद पडला आणि मुख्य बाजाररस्ता ओस पडत गेला. २००८ च्या सुमारास मार्कस वेस्टबरी नावाच्या तिथल्याच माणसाने रिकाम्या इमारती मोजल्या. दीडशेच्या आसपास भरल्या. हा माणूस बिल्डरही नव्हता आणि नगररचनाकारही नव्हता; तो कलामहोत्सव भरवायचा. त्याने ‘रिन्यू न्यूकॅसल’ ही ना-नफा संस्था काढली आणि मालकांना सांगितलं की तुमचा गाळा आम्हाला भाड्याने नको, फक्त वापरायला द्या. खरा भाडेकरू किंवा खरेदीदार मिळाला की तीस दिवसांत रिकामा करून देऊ. आत कोण आलं? दागिने घडवणारे, छायाचित्रकार, शिवणकाम करणारे, छोटी प्रकाशनं चालवणारे. म्हणजे ज्यांना बाजारभावाचं भाडं कधीच झेपलं नसतं असे लोक. दिवे लागले, लोक येऊ लागले, मग भाडं भरणारे दुकानदारही परतले. लोनली प्लॅनेटने २०११ सालासाठी सुचवलेल्या दहा शहरांत न्यूकॅसलचं नाव होतं.

या गोष्टीतला कलेचा भाग आपण बाजूला ठेवू शकतो. कागद कसा केला, तेवढं मात्र उचलायचं.

कागद

आपल्याकडे भाडेपट्टा आणि परवाना हा फरक कायद्यात जुना आहे. परवान्याची व्याख्या १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या ५२ व्या कलमात आहे. भाडेपट्ट्याने जागेत हक्क तयार होतो. परवान्याने फक्त वापराची मुभा मिळते. पण कागदाच्या डोक्यावर ‘लीव्ह अँड लायसन्स’ छापलं की झालं, असं समजू नका. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ सालच्या असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात हे स्पष्ट केलं: नाव काय दिलं यापेक्षा दोघांचा खरा हेतू काय होता आणि जागेचा पूर्ण ताबा कोणाकडे होता, हे पाहिलं जातं.

म्हणून करार करताना पुढची काळजी घ्या. वापर नेमका लिहा: ‘शिवणकाम व विक्री’, ‘अभ्यासिका’ असा. वेळ लिहा. मालकाकडे दुसरी किल्ली राहील हे लिहा आणि ती खरोखर राहू द्या. मालकाचं एखादं कपाट, जुनी तिजोरी, वडिलांचा फोटो आत असेल तर हलवू नका. त्या वस्तूंमुळे जागेवर मालकाचाही वावर आहे हे दिसतं, आणि दुकानाला रूपही येतं. मुदत सुरुवातीला तीन महिन्यांची ठेवा. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणूनच आपल्याकडे अकरा महिन्यांची पद्धत पडली आहे. महाराष्ट्रातल्या वाचकांनी मात्र लक्षात ठेवावं: १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार तिथे भाड्याचा वा परवान्याचा करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि ती जबाबदारी मालकावर आहे. तुमच्या गावाला, तुमच्या इमारतीला कुठला नियम लागतो हे तालुक्याच्या वकिलाला एकदा फी देऊन विचारा. ही फी वाचवू नका.

आणखी एक. मालक आणि वापरणारा यांच्यात मध्यस्थ असेल तर काम फार सोपं होतं. व्यापारी मंडळ, महिला मंडळ, गणेश मंडळ, पतपेढी, वाचनालय, कोणीही चालेल. फक्त नोंदणी असावी आणि हिशेब चोख असावा. मालक अनोळखी पोराला किल्ली देणार नाही, पण ज्या मंडळाची वर्गणी तो वीस वर्षं देतोय त्याला देईल.

गाळा बघायचा कसा

पावसाळ्यात बघा. एप्रिलमध्ये सगळीच छपरं चांगली असतात. दक्षिण गुजरातेतल्या जुलैच्या झडीत आत उभं राहा, म्हणजे कौल कुठे सरकलंय, पन्हळ कुठे तुंबतेय आणि शेजारच्या गच्चीचं पाणी कोणाच्या भिंतीत जिरतंय हे कोणी न सांगता कळतं.

मग लाकूड. जुन्या दुकानात सागाचे खांब आणि तुळया असतील तर नशीबवान आहात, पण खांबाची जमिनीलगतची वीतभर जागा पेचकसाने टोचून पाहा. टोक लोण्यात जावं तसं आत गेलं तर वाळवीने किंवा ओलीने आतून खाल्लंय. तुळईचं भिंतीत गेलेलं टोकही असंच तपासा. ते दिसत नाही म्हणून राहून जातं. माळ्यावर चढण्याआधी खालून बांबूने ठोका. लोखंडी गर्डर असतील तर गंजाचे पापुद्रे सुटतायत का बघा. शंका आली तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. गवंड्याचा ‘काय नाय होत’ हा दाखला पुरेसा नाही.

चुन्यात बांधलेली विटांची भिंत असेल तर तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवू नका. ही चूक गावोगाव होते. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. वरून सिमेंट आणि त्यावर प्लॅस्टिक पेंट लावला की ओल आत कोंडते, दोन पावसाळ्यांत पोपडे येतात आणि मग मालक म्हणतो, जुनी इमारत आहे, पाडूनच टाकू. चुन्याचाच गिलावा, चुन्याचीच सफेदी. स्वस्त पडते.

फळ्यांचं दुकान मिळालं तर फळ्या विकू नका. शटरच्या आधीच्या काळात दुकानं उभ्या लाकडी फळ्यांनी बंद व्हायची. खाचेत एकेक फळी सरकवायची, प्रत्येकीवर नंबर, म्हणजे सकाळी काढलेल्या रात्री त्याच क्रमाने बसतात. या फळ्यांचं टेबल होतं, मांडणी होते, भिंतीला टेकवली तर साडी टांगायची पाठ होते. भंगारवाला दारात उभा असतोच, त्याला आधी वाटेला लावा. ओटाही तोडू नका. गिऱ्हाईक बसतं ते ओट्यावरच, आणि बसलेलं गिऱ्हाईक बघून दुसरं येतं.

वायरिंग मात्र जुनं ठेवण्यात काहीही मौज नाही. अर्थिंग नसलेल्या तारा, लाकडी पट्टीवरची जोडणी, मधेच चिकटपट्टी गुंडाळलेले सांधे, हे सगळं पहिल्याच दिवशी काढायचं. नवी एमसीबी, गळती पकडणारा आरसीसीबी, स्वतंत्र अर्थिंग. मीटर कोणाच्या नावावर आहे आणि मंजूर भार किती आहे हे वीज कंपनीच्या बिलावर लिहिलेलं असतं. चलथाणच्या भागात ती दक्षिण गुजरात वीज कंपनी. दोन पंखे-चार दिव्यांच्या भारावर एसी आणि भट्टी लावणारे महाभाग असतात, म्हणून सांगतो.

शेवटी संडास. जुन्या पेठांत तो नसतो. सहा गाळ्यांत मिळून एक स्वच्छ, आतून कडी लागणारा संडास झाला तर बायका पेठेत अर्धा तास जास्त थांबतात. दर्शनी भागाच्या रंगावर करायचा खर्च आधी इथे करा.

आत काय चालवायचं

जपानमधल्या नागाहामा गावाची हकिगत इथे उपयोगी आहे. बिवा सरोवराकाठचं हे गाव. १९०० सालची काळ्या भिंतींची एक जुनी बँकेची इमारत पाडली जाणार होती. तेव्हाच्या बाजाराबद्दल तिथे आजही सांगतात की सुटीच्या दिवशी तासभर मोजणी केली तर रस्त्यावरून चार माणसं आणि एक कुत्रा गेला. गावातल्या आठ कंपन्या आणि पालिका यांनी १९८८ साली मिळून कंपनी काढली, इमारत घेतली आणि तिथे काचेच्या वस्तूंचं दुकान आणि कारखाना सुरू केला. काच कशासाठी? गावात ती कोणी विकत नव्हतं म्हणून. जुन्या दुकानदाराच्या पोटावर पाय न देणारा, आणि बाहेरच्या मोठ्या दुकानाला सहज जमणार नाही असा माल त्यांनी शोधला. पुढे शेजारच्या जुन्या इमारती एकेक करून त्याच पद्धतीने उघडत गेल्या, आणि वर्षाला लाखो लोक येऊ लागले.

चलथाणला काच नको. पण हीच कसोटी लावायची: रांगेत किराणा आहे तर दुसरा किराणा नको. मोबाइल रिपेअरिंगची चार दुकानं आहेत तर पाचवं नको.

या पट्ट्यात घराघरात साडीवर लेस लावणं, स्टोन चिकटवणं असं जॉबवर्क चालतं. सुरतेच्या साड्या घरबसल्या ऑनलाइन विकणाऱ्या बायकाही आता पुष्कळ आहेत. त्यांची अडचण घराच्या जागेची. पलंगावर माल, फोटोत मागे गॅसची शेगडी. अशांसाठी एक गाळा तासांवर द्यायचा. मागची भिंत साधी, फिकट, चुन्याची. दोन चांगले दिवे, कारण कृत्रिम उजेड बेताचा असला तर साडीचा रंग फोटोत वेगळा दिसतो आणि माल परत येतो. एक उभा आरसा, हँगरची दांडी, मोजपट्टी आखलेलं पॅकिंगचं टेबल, वजनकाटा. कुरिअरवाला सहा घरं फिरण्याऐवजी रोज ठरलेल्या वेळी इथूनच पार्सलं उचलेल. भाडं तासाचं, रोखीने, वहीत सही करून. दहा बायकांनी मिळून उचललेला हा खर्च एकीला कधीच झेपला नसता. आणि पार्सल द्यायला आलेली बाई शेजारच्या दुकानातून कोथिंबीर घेऊनच घरी जाते. पेठ जगते ती अशा कोथिंबिरीवर.

दुसरा उपयोग हंगामी. तीन महिन्यांच्या परवान्याला हंगामी धंदा नेमका जुळतो. श्रावण-भाद्रपदात शाडूच्या मूर्ती, नवरात्रात चणिया-चोळी, दिवाळीत फराळ, उत्तरायणाच्या आधी पतंग आणि मांजा (सुती, नायलॉनचा नव्हे), थंडीत पोंक आणि उंधियूचा मसाला, उन्हाळ्यात खानदेशी बायकांच्या बिबड्या, पापड, कुरडया. गाळा एकच, वर्षभरात सहा चेहरे. मालकालाही दर वेळी किल्ली परत मिळते. ती चार-पाचदा वेळेवर परत मिळाली की त्याची भीती आपोआप जाते. खाण्याचं काही असेल तर अन्न सुरक्षा नोंदणी करून घ्या, छोट्या उलाढालीसाठी ती ऑनलाइन होते आणि फी नाममात्र आहे.

तिसरा उपयोग पैशाचा नाही. गळीत हंगामात दक्षिण गुजरातच्या साखर पट्ट्यात डांग, नंदुरबार, धुळे इथली ऊसतोड कुटुंबं पोरंबाळं घेऊन येतात. मिलांच्या पाळ्यांवर नवरा-बायको दोघं जाणारी घरंही आहेत. एखादा तळमजल्याचा गाळा पाळणाघराला, एखादा अभ्यासिकेला किंवा मराठी-गुजराती पुस्तकांच्या वाचनालयाला दिला तर त्यातून भाडं सुटणार नाही, पण दिवसभर येजा राहते. पेठ सुधारणं म्हणजे महागड्या कॉफीची दुकानं, अशी एक समजूत शहरांतून आली आहे. तिच्या नादी लागू नका.

सहा गाळे मिळाले आणि ते गावभर विखुरलेले असले तर लगतचे तीन आधी उघडा, उरलेले राहू द्या. एकटं उघडं दुकान बंद रांगेत कोणाला दिसत नाही.

क्लास काढायच्या आधी

रिकामा वरचा मजला दिसला की कोणाला तरी कोचिंग क्लास सुचतोच. २४ मे २०१९ रोजी सुरतेतच, सरथाण्याच्या तक्षशिला आर्केड या दुकानांच्या संकुलात आग लागली आणि वरच्या क्लासमधली २२ मुलं गेली. आग खालून वर आली, वर जाणारा लाकडी जिना पेटला, मुलांनी खाली उड्या मारल्या. २५ मे २०२४ ला राजकोटच्या गेम झोनमध्ये तात्पुरत्या बांधकामाला आग लागून २७ जण गेले. सरथाण्यात तर इमारत एका कामासाठी बांधलेली आणि वापर भलत्याच कामासाठी होता. आणि या लेखात आपण नेमकं तेच करायला निघालोय.

म्हणून इथे तडजोड नाही. वरच्या मजल्यावर मुलं किंवा गर्दी न्यायची असेल तर दोन वेगवेगळे जिने हवेत, त्यातला निदान एक न जळणारा. ते शक्य नसेल तर वरचा मजला मालासाठीही वापरू नका, कारण खालच्यांच्या डोक्यावर कापडाचे गठ्ठे ठेवणं म्हणजे सरपण रचणं. खिडकीला जाळी असेल तर आतून उघडणारी. गच्चीवर पत्र्याची किंवा फायबरची शेड नाही. थर्माकोल आणि फोमची सजावट नाही, स्वस्त मिळाली तरी नाही. अग्निशामक सिलिंडर दाराजवळ, आणि तो कसा चालवायचा हे सगळ्यांना माहीत. वापर बदलायला स्थानिक परवानगी आणि अग्निशमन दाखला लागतो का, हे उद्घाटनाची तारीख ठरवण्याआधी विचारा. ‘ओळख आहे, होऊन जाईल’ म्हणणारा मध्यस्थ भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

पाटी आणि पैसा

पाटीबद्दल थोडंच. मुंबईच्या दादाभाई नौरोजी रस्त्यावर १९९० च्या दशकाच्या अखेरीस आभा नारायण लांबा या वास्तुरचनाकारांनी दुकानदारांबरोबर काम केलं. कमानी झाकून टाकणाऱ्या मोठमोठ्या पाट्या उतरवून त्या कमानीच्या आत, ठरलेल्या मापात बसवल्या गेल्या आणि इमारती पुन्हा दिसू लागल्या. छोट्या गावात हे आणखी सोपं आहे: सगळ्या रांगेने एक माप, एक उंची ठरवायची, अक्षरं रंगाऱ्याकडून हाताने लिहून घ्यायची. फ्लेक्सपेक्षा टिकतात, आणि रंगाऱ्यालाही काम मिळतं.

पैशाचा नियम माझ्या मते एकच पुरतो. जे उचलून नेता येतं त्यावर वापरणाऱ्याने खर्च करावा: दिवे, रॅक, टेबल, शिवणयंत्र. जे इमारतीला चिकटून राहणार त्यावर मालकाने: छप्पर, वायरिंग, संडास. मालकाकडे रोख नसेल तर वापरणाऱ्याने करावं आणि बिलं जोडून ठरलेल्या भाड्यातून वळतं करावं, पण ते कागदावर असावं. कर्ज पहिल्या तीन महिन्यांत काढूच नका. धंदा चालतोय असं दिसल्यावर मुद्रा योजनेत पन्नास हजारांपर्यंतचं शिशू कर्ज आहेच.

सरकारी निधीची वाट बघणाऱ्यांना एवढंच सांगतो: सुरतेचा किल्ला महापालिकेने दुरुस्त केला, आणि उत्तम केला, पण तो सोळाव्या शतकातला किल्ला होता. तुमच्या आजोबांच्या किराणा दुकानासाठी तसा निधी यायचा नाही. ते दुकान वाचवायला एक गवंडी, एक इलेक्ट्रिशियन, एक वकील आणि विश्वासाचं एक मंडळ एवढी माणसं लागतात, आणि ती चलथाणसारख्या गावात आहेत.

ज्यांचा जुना गाळा आज कुलपात आहे त्यांना विनंती आहे. भाडं सोडा, विकायचा की ठेवायचा हा भावाभावांचा प्रश्नही तूर्त बाजूला ठेवा. गणपतीपासून दिवाळीपर्यंत, लेखी कागद करून, ओळखीच्या मंडळाच्या हाती किल्ली द्या आणि दुसरी किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. नाही पटलं तर दिवाळीनंतर कुलूप आहेच.